कट्टा तिसऱ्या बैठकीनंतर ओस का पडतो? दुखणं ओळखा, मग उपाय करा

पहिल्या बैठकीला तीस-पस्तीस माणसं. सतरंज्या कमी पडतात, शेजारून खुर्च्या आणाव्या लागतात. दुसऱ्या वेळी पंधरा-सोळा. तिसऱ्या वेळी सात, त्यातले चार आयोजक. चौथ्या वेळी आयोजकच एकमेकांना फोन करून विचारतात, "आज ठेवायची का?"

वाचनाचा असो, शहराच्या इतिहासाचा, पक्ष्यांचा, डाळिंबाच्या बागेचा किंवा यंत्रमागाच्या धंद्यातल्या अडचणींचा, सोलापुरासारख्या गावात चर्चेचा कट्टा बहुतेक वेळा असाच विझतो. मग आयोजक पुन्हा पत्रकं छापतात, नाव बदलतात, पुण्याहून मोठा पाहुणा बोलावतात. त्या दिवशी सभागृह भरतं आणि दीड महिन्यात पुन्हा तीच गत होते.

हे वारंवार होतं, कारण उपाय चुकीच्या जागी केला जातो. प्रसिद्धी कमी पडली म्हणून कट्टा मोडत नाही. आलेल्या माणसाला धरून ठेवणारी आतली दहा-बारा माणसं तयार होण्याआधीच गर्दी बोलावलेली असते. विरजण न लावता दूध ओतत राहिलं तर दही लागत नाही, दूध मात्र नासतं. एकदा येऊन निराश झालेला माणूस दुसऱ्यांदा बोलावणं जड जातं. म्हणून आधी विरजण लावायचं.

आधी दुखणं ओळखा

एक साधी वही घ्या आणि प्रत्येक बैठकीनंतर त्याच रात्री पाच रकाने भरा: नाव, कोणाच्या सांगण्यावरून आले, आज बोलले का, याआधी किती वेळा आले, पुढच्या वेळी काय करायचं कबूल केलं. हजेरीचा एकूण आकडा फसवतो. पाहायचं ते परत येणाऱ्यांचं प्रमाण. तीन बैठकांची वही समोर ठेवली की दुखणं दिसतं.

नवे लोक येतात पण दुसऱ्यांदा येत नाहीत, तर दोष बैठकीच्या रचनेत आहे. परत येतात पण बोलत नाहीत, तर प्रश्न किंवा बसण्याची पद्धत चुकली आहे. दर वेळी तेच तिघे बोलतात, तर सूत्र हातात ठेवणारा कोणी नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोनशे माणसं आणि सतरंजीवर सहा, तर ग्रुप बैठकीच्या आधी जन्माला आला आहे. आणि "कोणाच्या सांगण्यावरून" या रकान्यात सगळीकडे एकच नाव दिसत असेल, तर तो कट्टा त्या एका माणसाचा आहे. त्याच्या घरी लग्नकार्य निघालं की कट्टा बंद.

विरजणाची बारा माणसं

बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 'जंटो' नावाचं चर्चामंडळ सुरू केलं. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचे आणि सभासद बारापर्यंतच ठेवलेले. लोक वाढू लागले तेव्हा मंडळ मोठं करण्याऐवजी सभासदांनी आपापली वेगळी मंडळं काढावीत असं ठरलं. बारा हा आकडा आजही कामाचा आहे. चारजण गैरहजर राहिले तरी आठ उरतात आणि आठांत गप्पा रंगतात. सहांनी सुरुवात केली तर दोघांच्या गैरहजेरीत बैठक केविलवाणी दिसते.

बारा माणसं हवी असतील तर चाळीस नावं लिहा. ओळखीचे सगळे लिहू नका. त्या विषयाशी ज्यांचा हातापायांचा संबंध आहे ते लिहा. गिरण्यांच्या इतिहासाचा कट्टा असेल तर साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, काम केलेले आजोबा, त्यांची शिकलेली नात, जुन्या चाळीत अजून राहणारं एखादं कुटुंब, वाचनालयातले ग्रंथपाल, इतिहास शिकवणारे प्राध्यापक, जुने फोटो जपून ठेवणारा फोटोग्राफर.

या बारांत जाणकार तीनच असावेत. जाणकार जास्त झाले की बाकीचे श्रोते होतात. सहाजण असे हवेत, ज्यांच्या डोक्यात त्या विषयाचा खरा, आज अडलेला प्रश्न आहे. एक जण सभ्यपणे विरोधी मत मांडणारा. उरलेले दोघे कामाचे: किल्ली आणणारे, निरोप देणारे, चहा सांगणारे. हे दोघे सापडायला सगळ्यात अवघड, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करा.

पुण्याला नोकरीला असलेली आणि एखाद्या शनिवार-रविवारी घरी येणारी मुलं फार उत्साहानं होकार देतात. त्यांना जरूर बोलवा, पण या बारांत धरू नका. सहा आठवड्यांतून एकदा येणाऱ्यावर गाभा उभा राहत नाही.

निमंत्रण घरी, दुकानात किंवा कामाच्या ठिकाणी जाऊन द्यायचं. "आमच्या कट्ट्याला या हं कधीतरी" याला माणूस "हो हो, नक्की" म्हणतो आणि विसरतो. त्याच्या अनुभवाचं नाव घेऊन, नेमकं काम सांगून आणि मुदत घालून बोलवा:

"काका, तुम्ही गिरणीत साचेखात्यात होता. येत्या शनिवारी सात वाजता आम्ही दहा-बारा जण बसणार आहोत. प्रश्न एकच आहे: गिरणीच्या भोंग्यावर घर चालायचं म्हणजे दिवसभरात काय काय व्हायचं? तुम्ही दहा मिनिटं सांगा, मग आम्ही विचारतो. तीनच बैठका या. नाही पटलं तर सोडा, आम्ही रागावणार नाही."

"तीनच बैठका" हे शब्द मोलाचे आहेत. कायमचं बंधन म्हटलं की माणूस आधीच हात आखडतो. तीनला बहुतेक जण तयार होतात आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत ओळखी झालेल्या असतात.

विषय पसरट असेल तर

"वाचन", "पर्यावरण", "सोलापूरचा विकास" अशा विषयांवर कट्टा चालत नाही. पसरट विषयावर ज्याला भाषण येतं तोच बोलतो. बाकीच्यांना वाटतं, आपल्याला यातलं काय कळतं?

विषय इतका अरुंद करा की ऐकणाऱ्याला लगेच स्वतःचं काहीतरी आठवेल. "पक्षी" यापेक्षा "या पंधरवड्यात सोलापूरच्या संभाजी तलावावर काय दिसलं?" बरं. हिवाळ्यात त्याला उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे रोहित (फ्लेमिंगो) जोडता येतात. माळढोक पक्ष्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नान्नजच्या माळरानावरून मग पुढचे प्रश्न आपोआप निघतात. "पाणीटंचाई" म्हटलं की वर्तमानपत्रातलं ऐकलेलं बाहेर येतं. त्याऐवजी "तुमच्या भागात नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, आणि तेवढे दिवस पुरवायला घरात काय काय भरून ठेवता?" असं विचारलं की जोडभावी पेठेतल्या मावशींपासून विजापूर रोडच्या सोसायटीतल्या इंजिनिअरपर्यंत प्रत्येकाकडे सांगायला असतं. इथे मावशींना जास्त माहीत असतं. चांगल्या प्रश्नाची खूण हीच: एरवी गप्प बसणारा माणूस जाणकार ठरतो.

प्रश्न एका वाक्यात बसावा. त्याचं उत्तर हो-नाही असं नसावं आणि कुणा एकाकडे पूर्ण नसावं. बैठकीच्या चार दिवस आधी तो सगळ्यांना कळवा म्हणजे माणूस घरी विचारून, एखादा जुना कागद शोधून येतो. सहा बैठकांचे सहा प्रश्न सुरुवातीलाच लिहून ठेवा. "पुढच्या वेळी कशावर बोलायचं?" हे बैठकीच्या शेवटी विचारण्यात वीस मिनिटं जातात आणि शेवटी पसरट विषयच ठरतो.

माणसं येतात, पण बोलत नाहीत

इथे आपल्या सभेच्या सवयी आड येतात. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत आणि आभारप्रदर्शन यांत दीड तासातली चाळीस मिनिटं जातात. व्याख्यानमालेला ते शोभतं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत आली आहे आणि ऐकण्याची ती परंपरा मोठीच आहे. पण कट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा एकच असायला हवा. एकदा टेबल, माइक आणि समोर रांगेत खुर्च्या मांडल्या की माणूस श्रोत्याच्या भूमिकेत शिरतो आणि तिथून त्याला बाहेर काढता येत नाही.

खुर्च्या गोल मांडा. बारा येणार असतील तर बाराच मांडा, जास्तीच्या भिंतीशी रचून ठेवा. कोणी आलं की एक उचलून वर्तुळ रुंद करायचं. चाळीस खुर्च्यांत बसलेली बारा माणसं मागच्या रांगेत विखुरतात आणि खोली रिकामी भासते. मांडी घालून बसणं सगळ्यांना जमत असेल तर सतरंजी उत्तम, पण वयस्करांसाठी तीन-चार खुर्च्या वर्तुळातच असाव्यात. त्या मागे भिंतीला लावल्या तर ती माणसं चर्चेतून बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट गटाच्या आकाराची. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात दिसलं की मोकळ्या गप्पांचा घोळका साधारण चार माणसांपर्यंतच एकसंध राहतो. पाचवा-सहावा आला की त्याची दोन संभाषणं होतात, नाहीतर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणून बारा जणांना थेट मोठ्या वर्तुळात बोलायला लावू नका. सुरुवातीला तिघा-तिघांचे किंवा चौघा-चौघांचे गट करा. ज्याला बाराजणांसमोर तोंड उघडायचा संकोच वाटतो, तो तिघांत बोलतो. एकदा स्वतःचा आवाज त्या खोलीत ऐकला की मोठ्या वर्तुळातही बोलतो.

दीड तासाची ही बांधणी चालते:

७.०० ते ७.१० : पाणी, बसणं, नवीन आलेल्यांची ओळख
७.१० ते ७.२० : एकाचा अनुभव, दहा मिनिटं, कागद न वाचता
७.२० ते ७.४० : तिघा-चौघांच्या गटांत प्रश्नावर बोलणं
७.४० ते ८.१५ : मोठं वर्तुळ, प्रत्येक गटातून आधी कमी बोलणारा सांगेल
८.१५ ते ८.३० : पुढचा प्रश्न, कोण काय आणणार, चहा

सात म्हणजे सात. तीनच माणसं आली असली तरी सुरू करा. साडेसातपर्यंत वाट पाहिली की वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते आणि पुढच्या वेळी तेही साडेसातला येतात. चहा शेवटी ठेवा. निरोप घेता घेता उभ्यानं होणाऱ्या दहा मिनिटांत जेवढी ओळख होते, तेवढी वर्तुळात होत नाही.

ओळखीची पद्धत आधी ठरवून घ्या, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न "आडनाव काय?" आणि दुसरा "मूळचे कुठले?" असतो. हे प्रश्न आपुलकीनं विचारले जातात, पण अनेकांना त्यातून आपली जात चाचपली जातेय असं वाटतं आणि तो माणूस पुन्हा येत नाही. आल्याआल्या पहिलं नाव, राहण्याचा भाग आणि आजच्या प्रश्नाशी असलेला संबंध, एवढंच सांगायचं. हा नियम आयोजकानं स्वतःची ओळख तशी करून देऊन घालावा.

भाषेचंही तसंच आहे. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू-दखनी घराघरात बोलली जाते. पूर्व भागातल्या विणकर किंवा विडी वळणाऱ्या बाईला कामाबद्दलचं बारीकसारीक तेलुगूत सुचतं. तिला मराठीत बोलायला लावलं तर ती दोन वाक्यांत आटोपते. "तुमच्या भाषेत सांगा" म्हणा आणि शेजारच्याला मराठी करायला बसवा. वेळ दुप्पट लागतो, पण माहिती दहापट मिळते.

वार, वेळ आणि जागा

महिन्यातून एकदा ठेवलेली बैठक एकदा चुकली की दोन महिन्यांचं अंतर पडतं आणि ओळख विरते. दर आठवड्याला आयोजक दमतात. पंधरा दिवसांचं अंतर ठीक. दुसरा आणि चौथा शनिवार लक्षात ठेवायला सोपा, कारण त्या दिवशी बँकांना सुट्टी असते. यंत्रमाग किंवा कारखान्यातली माणसं हवी असतील तर त्यांची पाळी आणि आठवड्याची सुट्टी विचारूनच वार ठरवा. एकदा ठरलेला वार सहा बैठकांत बदलू नका. "या वेळी रविवारी ठेवू या का?" या एका सोयीपायी पुढच्या दोन बैठकांत लोक चुकीच्या दिवशी येतात.

वर्षाचं गणित सुरुवातीलाच मांडा. जानेवारीत मकर संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानाची गर्दी सोडून कोणी कट्ट्यावर येणार नाही, येऊही नये. रमजानमध्ये संध्याकाळी सातला बैठक ठेवली तर रोजा सोडणारे आपोआप वगळले जातात, म्हणून तो महिना सकाळी जमा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि रात्री आठपर्यंत भिंती धग सोडत असतात. तेव्हा सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ बरी. गणपती आणि नवरात्रातली एक-एक बैठक आधीच रद्द धरा. आयत्या वेळी रद्द केलेली बैठक कट्ट्याला जितकी मारते तितकी आधी जाहीर केलेली सुट्टी मारत नाही. नवा कट्टा सुरू करायला जून-जुलै किंवा दिवाळीनंतरचा नोव्हेंबर सोयीचा. सलग चार बैठका तरी अडथळ्याविना मिळतात.

जागेबाबत चार गोष्टी पाहा: चालत किंवा रिक्षानं सहज पोचता यावं, स्वच्छतागृह असावं, बाहेरचा आवाज आत येऊ नये, आणि ती कोणा एका पक्षाची किंवा समाजाची समजली जात नसावी. वाचनालयाची खोली या चारांत बहुधा बसते. शाळेचा वर्ग मिळतो, पण जमिनीत पक्के केलेले बाक असतील तर वर्तुळ होत नाही. उपाहारगृहात भांड्यांचा आवाज आणि मालकाची नजर, दोन्ही आड येतात. कोणाच्या घरी पहिल्या दोन बैठका छान होतात, पुढे त्या घरच्या बाईवर चहा-पोह्यांचा भार पडतो आणि अनोळखी माणूस दाराची बेल वाजवायला कचरतो.

बायका येत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी साडेआठला घरी परतायची सोय काय आहे ते पाहा. पाच ते साडेसहा ही वेळ करून बघा, आणि विरजणाच्या बारांत चार-पाच तरी बायका घ्या. वीस पुरुषांच्या वर्तुळात एकटी आलेली ताई दुसऱ्यांदा येत नाही, मग विषय कितीही चांगला असो.

ग्रुप भरलेला, सतरंजी रिकामी

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, म्हणून ती भरायची नसतात. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये आंतरजालावरच्या समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण एकाचंच असतं. न विचारता जोडलेल्या दोनशे जणांत दोघे-तिघेच बोलले तर त्यात नवल नाही. त्या शांततेत 'शुभ सकाळ', वाढदिवसाचे केक आणि फॉरवर्ड शिरतात. मग ज्यांच्यासाठी ग्रुप काढला तेच तो म्यूट करतात आणि बैठकीचा निरोपही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

उपाय असा. जुना ग्रुप मोडू नका, त्याची सेटिंग बदलून फक्त ॲडमिनना संदेश पाठवता येतील असं करा. त्यावर महिन्यातून चारच निरोप जातील: बैठकीच्या चार दिवस आधी प्रश्न, त्याच दिवशी सकाळी आठवण, असे दोन बैठकांचे चार. बोलण्यासाठी वेगळा ग्रुप काढा आणि त्यात निदान एकदा प्रत्यक्ष येऊन गेलेल्यांनाच, त्यांना विचारून, घ्या. "फॉरवर्ड नाही, शुभेच्छा नाहीत" हा नियम ग्रुपच्या वर्णनात लिहा. मोडणाऱ्याला सगळ्यांसमोर न टोकता खाजगी निरोप पाठवा.

या ग्रुपवर बैठकीच्या रात्रीच पाच-सहा ओळींची टिपणी टाकायची: कोणी काय नवीन सांगितलं, कोणता प्रश्न अडला. नावानिशी लिहा. "सलीमभाईंनी सांगितलेली रंगाच्या हौदाची पद्धत" असं वाचलं की सलीमभाई पुढच्या वेळी येतात आणि न आलेल्याला आपलं काय हुकलं ते कळतं. कोणी प्रश्न विचारला तर एका दिवसात उत्तर मिळालंच पाहिजे. उत्तर माहीत नसेल तर ज्याला माहीत असेल त्याला नाव घेऊन विचारा. पहिला प्रश्न अनुत्तरित राहिलेला माणूस दुसरा विचारत नाही. पहिले दोन महिने प्रश्न आयोजकांनीच टाकावे लागतात, आणि ते खरे असावेत. खोट्या नावानं दुसरा नंबर घेऊन गजबज दाखवू नका. गाव लहान आहे, आठवड्यात कळतं आणि मग खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एकच माणूस बोलत राहिला तर

बहुधा हा माणूस वयानं मोठा, विषयावर प्रेम असलेला आणि घरी ऐकणारं कोणी नसलेला असतो. सगळ्यांसमोर त्याला थांबवलं तर अपमान होतो आणि वर्तुळही अवघडतं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा. "अण्णा, तुमच्यामुळे मुलांना कळतं, पण ती तुमच्यासमोर बोलायला बिचकतात. पुढच्या वेळी कोण बोललं नाही ते तुम्ही लिहून ठेवाल का?" असं काम द्या. वर्तुळात बोलण्याला तीन मिनिटांची मर्यादा सर्वांना सारखी ठेवा आणि पहिली वेळ आयोजकावर लावून दाखवा.

भांडण पेटलं तर दोघांना उत्तर-प्रत्युत्तर करू देऊ नका. "या मुद्द्यावर अजून न बोललेल्या दोघांचं ऐकू या" म्हणायचं आणि त्याच रात्री दोघांनाही स्वतंत्र फोन करायचा. फोन सकाळवर टाकला तर तोवर ग्रुपवर पडायचं ते पडलेलं असतं.

पैसे

चहा आणि पाणी एवढाच खर्च ठेवा. डबा फिरवा, ज्याला जमेल त्याने वीस रुपये टाकावेत. हिशेब वहीच्या मागच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा. प्रायोजक घेतला की फलक येतो, फलकाबरोबर फोटो येतो, आणि तिथून सत्काराची सुरुवात होते.

गर्दी कधी बोलवायची

बारांपैकी आठ जण सहातल्या निदान चार बैठकांना आले, आणि आयोजकांव्यतिरिक्त कोणीतरी आपण होऊन एखादा नवा माणूस आणला, की विरजण लागलं असं समजा. तरीही एका बैठकीला नवे तीन-चारच घ्या. जास्त आले तर जुन्यांच्या आतल्या गप्पा त्यांना कळत नाहीत आणि जुन्यांनाही आपला कट्टा परका वाटू लागतो. प्रत्येक नव्या माणसाशेजारी एक जुना बसवा. चर्चेत जुना संदर्भ आला की त्यानं तो हळूच सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी एक फोन करायचा. त्या फोनवर "कसं वाटलं?" यापेक्षा "तुम्ही म्हणालात ती जुनी पावती पुढच्या वेळी आणाल का?" हे विचारा.

नियमित येणारे वीसच्या वर गेले की दुसरा कट्टा काढा. जुन्यांतले चार तिकडे पाठवा, वार वेगळा ठेवा आणि जमल्यास भागही वेगळा, म्हणजे अशोक चौकाकडच्यांना सात रस्त्यापर्यंत यावं लागणार नाही.

सहा बैठकांनंतरही आठ जण जमले नाहीत तर सातवी आहे तशी ठेवू नका. वही काढा. दोनदा किंवा जास्त वेळा आलेली नावं पाच-सहा तरी निघतील. त्या प्रत्येकाकडे जाऊन दोनच गोष्टी विचारा: कोणत्या प्रश्नासाठी तुम्ही पंधरा दिवसांतली एक संध्याकाळ काढाल, आणि सोबत कोणाला आणाल. तिघांचं उत्तर एकाच दिशेचं आलं तर जुना विषय सोडून तो प्रश्न घ्या आणि पुन्हा चाळीस नावं लिहायला बसा.